मोटर पुन्हा पुन्हा जळते? आधी आकड्यापुढचं एकक बघा

मार्च ते मे या तीन महिन्यांत माझ्याकडे सगळ्यात जास्त फोन येतो तो एकच: "मोटर परत बसली." रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरमधली तांब्याच्या तारेची वेटोळी (वाइंडिंग) नव्याने भरायचं काम करतो, त्यामुळे जळालेली मोटर टेबलावर येणं हा माझा रोजचा धंदा आहे. पण तीच मोटर एका हंगामात तिसऱ्यांदा आली की वाईट वाटतं. दर वेळी वाइंडिंगचा खर्च, बोअरमधून पाइप वर काढायची मजुरी, आणि त्या चार-पाच दिवसांत उभं पीक सुकतं ते वेगळंच.

मोटर पुन्हा जळाली की लोक वाइंडरवर घसरतात, नाहीतर तारेवर, नाहीतर "व्होल्टेज"वर. मी एवढंच विचारतो, व्होल्टेज किती होतं? उत्तर येतं, "फुल आहे, 230." अँपिअर किती? "12-13 असतील." रिले, म्हणजे अँपिअर जादा झाले की मोटर बंद करणारा स्टार्टरमधला भाग, कितीवर आहे? "आहे बरोबर." केबल कुठली? "चांगली आहे, जाड आहे."

या उत्तरांत खोटं काहीच नसतं, पण उपयोगाचंही काही नसतं. 230 कुठे मोजले, मोटर बंद असताना की चालू असताना? 12-13 अँपिअर कुठल्या वायरीत? जाड म्हणजे किती चौरस मिमी? विजेचा आकडा एककाशिवाय आणि मोजल्या जागेशिवाय अर्धाच असतो, आणि मोटर जळते ती त्या राहिलेल्या अर्ध्या भागात.

मागे एका नानांची साडेसात एचपीची पाणबुडी मोटर सलग तिसऱ्यांदा आली. डाळिंबाची बाग, बोअर घरापासून लांब. मोटर उघडली तर पीव्हीसीचं आवरण मऊ होऊन तारा एकमेकींना चिकटलेल्या, आणि तिन्ही फेजचं वाइंडिंग सारखंच गेलेलं. ही खूण महत्त्वाची आहे. वाइंडिंगं आपसात जोडायच्या दोन पद्धती असतात, स्टार आणि डेल्टा. एक फेज तुटून मोटर चालत राहिली तर स्टार जोडणीत दोन फेजची वाइंडिंगं जळतात आणि तिसरी कोरी राहते. डेल्टा जोडणीत एकच फेज काळी पडते. एखाद्याच खाचेत तांबं वितळून खड्डा पडला असेल तर इन्सुलेशन तिथेच फुटलेलं असतं. तिन्ही फेज एकसारख्या गेल्या म्हणजे मोटर बराच वेळ जादा अँपिअर ओढत होती आणि तिला कोणी थांबवलं नाही. म्हणून या वेळी वाइंडिंग करून दिल्यावर मी स्वतःच टाँग टेस्टर (वायरीभोवती अडकवून अँपिअर मोजायचा मीटर) आणि मल्टिमीटर घेऊन शेतावर गेलो.

मोटरच्या प्लेटवर होतं: 7.5 एचपी, 5.5 किलोवॅट, 415 व्होल्ट, 13 अँपिअर. पहिला गोंधळ इथूनच सुरू होतो. एचपी आणि किलोवॅट ही एकाच गोष्टीची दोन मापं आहेत, 1 एचपी म्हणजे 746 वॅट. त्या हिशेबाने साडेसात एचपी म्हणजे साधारण 5.5 किलोवॅट. पण ही शाफ्टवर मिळणारी ताकद झाली, तारेतून खेचली जाणारी वीज नव्हे. खेचलेली वीज काढायची तर 1.732 गुणिले 415 व्होल्ट गुणिले 13 अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) 0.8 धरला तर येतात जवळपास 7,475 वॅट, म्हणजे साडेसात किलोवॅट. ही मोटर साडेसात एचपीचं काम देते आणि त्यासाठी साडेसात किलोवॅट घेते. मधल्या दोन किलोवॅटची उष्णता होते, आणि ती बाहेर काढायला बोअरमधलं पाणीच असतं. एक तास चालली की मीटर साडेसात युनिट पुढे. आपण ज्याला युनिट म्हणतो तो किलोवॅट-तास, म्हणजे ताकद गुणिले वेळ. किलोवॅट आणि युनिट यांत गल्लत केली की पुढचा सगळा हिशेब फसतो.

आता व्होल्ट. नानांनी दाखवलेले 230 खरेच होते, पण ते फेज आणि न्यूट्रलमध्ये मोजलेले आणि मोटर बंद असताना. प्लेटवरचे 415 हे दोन फेजमधले व्होल्ट असतात. दोन्हींचं नातं 1.732 पटीचं: 240 ला 1.732 ने गुणलं की 415. त्यामुळे "230 येतात" आणि "400 येतात" ही एकाच जागेची दोन मापं असू शकतात. सांगताना "फेज-फेज" की "फेज-न्यूट्रल" हे सांगितल्याशिवाय व्होल्टचा आकडा बोलूच नये. मोटरसाठी मी नेहमी फेज-फेजच मोजतो, आणि तिन्ही जोड्या मोजतो.

मोटर चालू केली. स्टार्टरवर फेज-फेज 372 व्होल्ट. जुन्या भारतीय वीज नियमांत लघुदाबासाठी सहा टक्क्यांची मुभा होती. 415 मधून सहा टक्के वजा केले तर 390 राहतात. म्हणजे 372 हे कमीच, पण एवढ्यावर तीन वेळा मोटर जळावी असं नाही. टाँग टेस्टर एका वायरीला लावला: 16 अँपिअर. प्लेटवर 13, आणि इथे 16. रिले बघितला तर काटा 18 वर. विचारलं तर समजलं की आधी 13 वर ठेवला होता तेव्हा सारखा ट्रिप व्हायचा, म्हणून कोणीतरी वर सरकवला.

तो रिले ट्रिप होत होता कारण तो आपलं काम करत होता. वाइंडिंगमधली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. 13 चे 16 झाले तर अँपिअर 23 टक्क्यांनी वाढले, पण उष्णता दीडपट झाली. 18 वर बसवलेल्या रिलेला 16 दिसतच नाहीत. मोटर तासन् तास दीडपट तापत राहिली.

पण मुळात 16 का? इथे केबलकडे वळावं लागतं. स्टार्टरपासून बोअरच्या तोंडापर्यंत 210 मीटर, तिथून खाली मोटरपर्यंत 90 मीटर, सगळी अडीच चौरस मिमी तांब्याची. बाहेरून ती खरोखर जाड दिसते, कारण वरचं आवरण जाड असतं. केबलची जाडी हाताला लागते ती नव्हे, आतल्या तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ म्हणजे जाडी, आणि ते चौरस मिमीमध्ये केबलवरच छापलेलं असतं. (गेजचा नंबर याच्या उलटा चालतो. नंबर वाढला की तार बारीक. म्हणून "20 ची तार" म्हणताना 20 गेज की आणखी काही, हे स्पष्ट करावं.)

अडीच चौरस मिमी तांब्याचा रोध दर किलोमीटरला साधारण 8 ओहम, चारचा 5 च्या आसपास, सहाचा 3.3. हे तीन आकडे मी दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवले आहेत. अॅल्युमिनियम असेल तर त्याच जाडीला रोध सुमारे 1.6 पट धरायचा. आता 300 मीटरचा हिशेब: एका वायरीचा रोध जवळपास 2.4 ओहम. व्होल्ट किती पडतील? 1.732 गुणिले 16 अँपिअर गुणिले 2.4 ओहम गुणिले पॉवर फॅक्टर 0.8, उत्तर 53. म्हणजे स्टार्टरवर 372 दिसत होते तेव्हा मोटरला खाली जेमतेम 319 मिळत होते. बोअरच्या तोंडावरच्या जोडावर मी मीटर लावून खात्री केली, तिथे 335 होते. खालच्या 90 मीटरमध्ये आणखी 16 जाणारच.

319 म्हणजे 415 च्या 77 टक्के. मोटरचा जोर व्होल्टच्या वर्गाने उतरतो, म्हणून जोर उरला 59 टक्के. पंप तर तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायला बघतो. मग मोटरचा वेग घसरतो आणि ती अँपिअर जास्त ओढते. अँपिअर वाढले की केबलमध्ये आणखी व्होल्ट पडतात. हा फेरा वाइंडिंग जाईपर्यंत चालू राहतो.

हेच मोटर न उघडता, सप्लाय बंद ठेवून ओहममध्येही कळलं असतं. माझ्या टेबलावर असताना या मोटरच्या दोन लीडमध्ये 2.1 ओहम येत होते. स्टार्टरच्या टोकाला, तेच दोन टर्मिनल, 6.9. वरचे 4.8 ओहम केबलच्या जाण्या-येण्याचे. मोटरपेक्षा केबलचा रोध दुपटीहून जास्त. ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांनी नवी मोटर सोडण्याआधी एकदा वर आणि सोडल्यावर एकदा स्टार्टरवर, अशी दोन मापं घेऊन ठेवावीत. मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवून जो आकडा येतो, साधारण 0.2 ते 0.3, तो वजा करावा. आणि मोजण्याआधी मेन स्विच खाली, किटकॅट (फ्यूज) काढून खिशात. ओहमच्या रेंजवर असलेला मीटर चालू सप्लायला लागला तर मीटर जातो, कधी हातही.

उपाय काय केला? 210 मीटरची वरची केबल सहा चौरस मिमी केली, बोअरमधली चार. तोच हिशेब पुन्हा करून पाहा: 14 अँपिअरला आता 22 व्होल्टच पडतात. खर्च आला, नाना तेव्हा नाराज होते, पण तीन रिवाइंडिंगांच्या खर्चाशी तुलना केल्यावर मान्य झाले. रिले 14 वर आणला आणि नॉबवर रंगाचा ठिपका मारला, म्हणजे कोणी सरकवला तर लगेच दिसेल. त्यानंतर मोटर बाहेर काढावी लागलेली नाही.

कपॅसिटरबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे अँपिअर मोजताना चांगले कारागीरही चुकतात. शेतीच्या मोटरला कपॅसिटर लावावा हे बरोबरच आहे. साडेसात एचपीला 3 केव्हीएआर (कपॅसिटरच्या क्षमतेचं माप), पाचला 2 केव्हीएआर असा रिवाज आहे. पण त्याने मोटरचे अँपिअर कमी होत नाहीत. मोटर 13 च घेते. कमी होतात ते कपॅसिटरच्या अलीकडच्या, म्हणजे सप्लायकडच्या तारांमधले. 3 केव्हीएआरचा कपॅसिटर 415 व्होल्टला साधारण 4.2 अँपिअर स्वतः पुरवतो, आणि अलीकडे टाँग टेस्टर 13 ऐवजी 11 दाखवतो. आता तुमचा रिले कपॅसिटरच्या अलीकडे असेल आणि तुम्ही प्लेट बघून 13 वर लावलात, तर मोटरला 15 पर्यंत मोकळीक मिळाली. रिलेतून जाणारा आकडा बघून रिले लावायचा, प्लेटवरचा बघून नव्हे. लांब केबलच्या ठिकाणी मी कपॅसिटर स्टार्टरच्या पेटीत न लावता बोअरच्या तोंडाशी, पावसापासून झाकून लावतो. मग मधल्या 200 मीटरमधून 11 च अँपिअर जातात आणि व्होल्टही कमी पडतात. मोटर बंद केल्यावर लगेच त्याला हात लावू नये, त्यात विजेचा चार्ज शिल्लक असतो.

कपॅसिटर गेला की राहिला हे कसं ओळखायचं? तिन्ही फेजच्या कपॅसिटरवर केव्हीएआर लिहिलेलं असतं, मीटर मात्र मायक्रोफॅरड दाखवतो, ज्याला बाजारात एमएफडी म्हणतात. 415 व्होल्ट, 3 केव्हीएआरच्या चांगल्या कपॅसिटरच्या कुठल्याही दोन टर्मिनलमध्ये 28 एमएफडीच्या आसपास यायला हवेत. त्यावर 440 व्होल्ट लिहिलं असेल तर 25 च्या आसपास. तिन्ही जोड्या सारख्या हव्यात. एक जोडी 9 आणि दुसऱ्या दोन 18 अशा आल्या तर आतला एक भाग गेला, तो कपॅसिटर बदला.

टाँग टेस्टरचंही एक. कित्येक जण तो अख्ख्या तीन-कोअर केबलभोवती अडकवतात आणि शून्य आलं की मीटर खराब म्हणून ठेवून देतात. मीटर चांगलाच असतो. तिन्ही फेजच्या प्रवाहांची बेरीज शून्यच होते, म्हणून शून्य दिसतं. एका वेळी एकच वायर पकडायची. उलट, अख्खी केबल पकडल्यावर शून्याऐवजी अर्धा-पाऊण अँपिअर दिसला तर तो प्रवाह जमिनीत गळतो आहे असं समजून मोटर थांबवा आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावून बघा.

मेगर मेगओहममध्ये वाचतो, म्हणजे दहा लाख ओहममध्ये. साध्या मल्टिमीटरवर इन्सुलेशन तपासणारे इथे हटकून फसतात. आकडा 1.2 दिसतो आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात कधी किलो असतं, कधी मेगा. 1.2 मेगओहम आणि 1.2 किलोओहम यांत हजारपटीचा फरक आहे; दुसरी मोटर पाण्यात सोडली तर जाणारच. जुना ठोकताळा असा, की किलोव्होल्टमधला दाब अधिक एक, एवढे मेगओहम किमान हवेत, म्हणजे आपल्या मोटरला 1.4. मी स्वतः रिवाइंड केलेली मोटर पाण्यात भिजवून 500 व्होल्टच्या मेगरवर याहून कितीतरी जास्त आल्याशिवाय देत नाही. आणखी एक: ओहमच्या रेंजवर दोन लीडमध्ये मोजताना पडद्यावर "ओएल" आलं तर ते ओव्हरलोड नाही. रोध मीटरच्या पट्टीपलीकडे आहे, म्हणजे वाइंडिंग किंवा केबल तुटलेली आहे.

10 एचपीच्या वर बहुतेक स्टार-डेल्टा स्टार्टर असतात आणि तिथे हमखास वेगळी चूक सापडते. समजा 15 एचपी, प्लेटवर 24 अँपिअर. रिले 24 वर लावलेला. पण बहुतेक अशा स्टार्टरमध्ये रिले वाइंडिंगच्या वाटेवर असतो, आणि डेल्टात वाइंडिंगमधून लाइनच्या 58 टक्केच प्रवाह जातो, म्हणजे 14. चौदाच्या जागी 24 ची मोकळीक दिल्यावर रिले असून नसल्यासारखा. मोटर डेल्टात चालू असताना येणाऱ्या वायरीचे आणि रिलेतून जाणाऱ्या वायरीचे अँपिअर वेगवेगळे मोजा. 24 आणि 14 असे दिसले तर रिले 14 वर.

सगळीकडे केबलच दोषी असते असं नाही. कधी तिन्ही फेज सारखे नसतात. 400, 385, 370 असे आले तर सरासरी 385, सरासरीपासून सर्वांत मोठा फरक 15, म्हणजे 3.9 टक्के असमतोल. अंदाजाचा नियम असा, की या टक्केवारीचा वर्ग करून दुप्पट करावा, तेवढे टक्के तापमानवाढ जादा होते. इथे 30. पंधरा व्होल्ट किरकोळ वाटतात, पण वाइंडिंगला ते किरकोळ नसतात. यावर रिले काही करत नाही. डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) किटकॅट, ढिला जंपर, गंजलेला लग हे वायरमनकडून बघून घ्यावं लागतं. स्वतः डीपीवर चढू नये, मग कितीही घाई असो. आणि दोन फेजवर कंडेन्सर (कपॅसिटर) लावून मोटर ओढणं तर थांबवाच.

डीपीच्या क्षमतेबद्दलही एककाचाच घोळ आहे. "63 चा डीपी" म्हणजे 63 एचपी नव्हे, 63 केव्हीए, म्हणजे पॉवर फॅक्टर न धरता आलेला व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार, हजारांत. वरची साडेसात एचपीची मोटर पूर्ण भारावर 9.3 केव्हीए घेते. म्हणजे त्या डीपीवर अशा सहा मोटरी, एकूण 45 एचपी. दहा जणांनी जोडल्या असतील तर लाइट आल्यावर सगळ्यांचेच व्होल्ट बसणार, आणि ऑटो स्विचमुळे सगळ्या एकाच क्षणी सुरू झाल्या तर आणखीच, कारण थेट सुरू होताना मोटर सहा-सात पट अँपिअर ओढते. डीपीवरच्या लोकांनी आपसात अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या ठरवल्या तर पैसा न घालता फरक पडतो. आमच्याकडे दोन डीपींवर तसं चालू आहे.

तुमची मोटर दुसऱ्यांदा जळाली असेल आणि मला किंवा तुमच्या गावातल्या वाइंडरला विचारायचं असेल, तर प्लेटचा फोटो काढा आणि सोबत एवढं लिहा: मोटर चालू असताना स्टार्टरवर फेज-फेज व्होल्ट, तिन्ही जोड्या, एकेका वायरीचे अँपिअर, तिन्ही, रिले किती अँपिअरवर, कपॅसिटर किती केव्हीएआर आणि रिलेच्या अलीकडे की पलीकडे, केबल किती चौरस मिमी, तांबं की अॅल्युमिनियम, किती मीटर. मोटर जळालेलीच असेल तर पहिल्या दोन गोष्टी नवी सोडल्यावर पहिल्याच तासात मोजून स्टार्टरच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने, एककासकट लिहून ठेवा.